मोठेपणी ऑटिझमचं निदान: पुण्यातून सतत येणारे प्रश्न

हे प्रश्न मला मेसेजवर, फोनवर आणि आमच्या रविवारच्या छोट्या गटात पुन्हा पुन्हा विचारले जातात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. चाळिशी ओलांडल्यावर निदान झालेली पुण्यातली एक बाई आहे, आणि इथे जे आहे ते वाचून, डॉक्टरांना विचारून आणि बऱ्याच जणांच्या सोबतीला जाऊन गोळा झालंय. सगळं सलग वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा, जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे नंबर दिलाय.

१. ऑटिझम तर लहान मुलांना असतो ना? मग पंचेचाळिसाव्या वर्षी कसा काय झाला?

झाला नाही, होताच. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे, मोठेपणी ती लागत नाही आणि मोठं झाल्यावर जातही नाही. उशिरा होतं ते फक्त निदान. डॉक्टर जे निकष वापरतात त्यातही खुणा लहानपणापासून हव्यात असंच आहे, पण पुढे हेही लिहिलंय की आयुष्याचा भार कुवतीपलीकडे जाईपर्यंत त्या खुणा पुरत्या दिसणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकलेल्या राहतील. म्हणून बऱ्याच जणांचं गाडं काही ठराविक ठिकाणीच अडतं: पहिली नोकरी, लग्न, बाळंतपण, टीम लीड होणं, आईवडलांचं आजारपण. तोवर कसंबसं चाललेलं असतं आणि मग एकदम काहीच जमेनासं होतं.

२. पण शाळेत, घरी, कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

कारण तेव्हा शोधत होते ते वेगळंच काहीतरी. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये ११ मुलांबद्दल लिहिलं आणि त्यानंतर कित्येक दशकं ऑटिझम म्हणजे अगदी मोजक्या मुलांमधली गंभीर गोष्ट असंच धरलं गेलं. मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये (डीएसएम) तो स्वतंत्र निदान म्हणून आला १९८० मध्ये, नीट बोलणाऱ्या हुशार मुलांसाठी अॅस्पर्गर हे नाव आलं १९९४ मध्ये, आणि २०१३ मध्ये हे सगळं एका स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे एकाच मोठ्या पट्ट्यात, आणलं. म्हणजे ८५-९० साली तुम्ही प्राथमिक शाळेत असाल तर तुमच्यासारख्या मुलासाठी डॉक्टरांच्या पुस्तकातसुद्धा जागा नव्हती, बाई आणि गुरुजी कुठून ओळखणार होते.

त्यात आपल्याकडे गप्प बसणारं, मार्क मिळवणारं पोर म्हणजे गुणी पोर. मार्क नसतील तर घुमं, हट्टी, लाडावलेलं, आणि मुलगी असेल तर शिष्ट. घरात माणसं भरपूर असायची, दिवस ठरलेला असायचा, कुणाशी काय बोलायचं ते आजी किंवा आई सांभाळून घ्यायची, त्यामुळे अडचण झाकली जायची. आणि बहुतेक घरांत एखादा काका तसाच असायचा, रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने फिरायला जाणारा, ताटात आमटी भाजीला लागलेली न चालणारा, रेल्वेचं टाइमटेबल तोंडपाठ असलेला, म्हणून 'आपल्याकडे असतातच असे' म्हणून विषय संपायचा. ऑटिझम मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे, तेव्हा तो काका घरात असणं हा योगायोग नसतो.

३. मोठ्या माणसात नक्की काय दिसतं?

निकषांचे दोन भाग आहेत. पहिला लोकांशी देवाणघेवाणीचा, त्यातल्या तीनही गोष्टी लागतात: बोलण्यातला आणि भावनांचा मागेपुढे होणारा व्यवहार अवघड जाणं, हावभाव-नजर-आवाज यांची भाषा अवघड जाणं, आणि नाती जुळवणं-टिकवणं अवघड जाणं. दुसऱ्या भागात चारपैकी किमान दोन: त्याच त्या हालचाली किंवा शब्द, ठरलेल्या पद्धतीचा आग्रह, एखाद्या विषयात आकंठ बुडणं, आणि आवाज-उजेड-स्पर्श-वास खूप जास्त किंवा खूप कमी जाणवणं.

हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात लोक मला सांगतात ते असं: फोन वाजला की छातीत धस्स होतं पण तेच मेसेजवर तास तास बोलता येतं, 'बघू नंतर' म्हणजे नाही हे वयाच्या तिशीत कळलं, 'या कधीतरी घरी' म्हटलं म्हणून खरंच गेले, लग्नात दोन तास हसून बोलले आणि दुसरा पूर्ण दिवस अंधाऱ्या खोलीत पडून काढला, मिक्सर सुरू झाला की रडू येतं, ठरलेला बेत ऐनवेळी बदलला की दिवसच हातातून जातो. भूक लागलीय हे चक्कर येईपर्यंत न कळणं हेही ऐकू येतं. आणि स्वतःला नक्की काय वाटतंय ते ओळखताच न येणं, हे तर ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्यांमध्ये असतं.

यातलं एखादं कुणालाही असतं. बघायचं ते हे की सगळं मिळून, लहानपणापासून, आणि जगणं अवघड करेल इतकं आहे का.

४. ऑनलाइन टेस्ट दिली, ५० पैकी ३६ आले. म्हणजे आहेच ना?

शक्यता आहे, निदान नाही. ही बहुतेक एक्यू टेस्ट असणार, सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केलेली, तिच्यात ३२ किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करण्यासारखी आहे असं समजतात. दुसरी आरएएडीएस-आर, ८० वाक्यांची, तिची रेषा ६५ वर. अडचण अशी की खूप चिंता, डिप्रेशन किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणं) असलं तरी गुण वर जातात, आणि उलट बाजूने ज्यांनी आयुष्यभर स्वतःला झाकलंय ते प्रश्नच वेगळ्या अर्थाने घेतात. शिवाय मूळ प्रश्न इंग्लंड-अमेरिकेतल्या आयुष्यावरचे, आपल्याकडे 'पार्टीला जायला आवडतं का' याचं उत्तर स्वभावापेक्षा घरच्या वळणावर जास्त ठरतं. माझं म्हणणं, टेस्ट द्या पण आकडा सोडून द्या आणि ज्या प्रश्नाला थांबून विचार करावा लागला त्याच्यापुढे स्वतःच्या आयुष्यातलं उदाहरण लिहा, ते कागद अपॉइंटमेंटला जास्त कामाला येतात.

५. पुण्यात मोठ्यांचं निदान कोण करतं?

सायकियाट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात अपमान काही नाही. काउन्सेलर चांगले असतात, पुढे सोबत करतात, पण निदान देत नाहीत. सरकारीत जायचं असेल तर ससून रुग्णालयाच्या सायकियाट्री ओपीडीपासून सुरुवात करता येते, गर्दी आणि आवाज यांची तयारी ठेवून जा, सोबत कुणीतरी असू द्या.

खरी अडचण शहरात डॉक्टर नाहीत ही नाही, बऱ्याच जणांचा अनुभव फक्त मुलांचा आहे ही आहे. म्हणून अपॉइंटमेंट घेण्याआधीच रिसेप्शनवर किंवा मेसेजवर तीन गोष्टी विचारून घ्या: मोठ्या माणसांचं ऑटिझम निदान करता का, किती सिटिंग लागतात आणि एकूण खर्च किती, लेखी रिपोर्ट मिळतो का. पहिल्यावर 'तुम्ही बोलताय तर व्यवस्थित' असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

६. तिथे गेल्यावर काय होतं? एमआरआय, रक्त तपासणी लागते का?

नाही. ऑटिझम दाखवणारा कुठलाही स्कॅन किंवा रक्ताची टेस्ट नाही. सगळं बोलण्यातून आणि निरीक्षणातून होतं: लांबलचक मुलाखत, प्रश्नावल्या, काही ठिकाणी एडीओएस नावाची तपासणी जिच्यात गप्पा आणि छोटी कामं देऊन बघतात (नीट बोलणाऱ्या मोठ्यांसाठी तिचा चौथा भाग वापरतात), आणि शक्य असेल तर लहानपण पाहिलेल्या कुणाशी तरी बोलणं. वीस मिनिटांत कुणी हो किंवा नाही सांगितलं तर दुसरं मत घ्या, दोन्ही बाजूंनी.

७. आई-बाबा नाहीत, किंवा आहेत पण त्यांना यात घ्यायचं नाहीये. मग लहानपणाची माहिती कुठून आणू?

त्यावाचून निदान अडत नाही, थोडं अवघड होतं एवढंच. मोठी बहीण, भाऊ, मावशी, आत्या, शाळेपासूनची एखादी मैत्रीण चालते. कागदांमध्ये सगळ्यात उपयोगी म्हणजे जुनी प्रगतीपुस्तकं, कारण मार्कांच्या खाली शेरे असतात. 'हुशार पण वर्गात मिसळत नाही', 'लक्ष स्वतःतच', 'गटकार्यात सहभाग नाही', असे शेरे सलग चार-पाच इयत्ता आले असतील तर ते कुणाच्याही आठवणीपेक्षा पक्कं असतं. माळ्यावरची ट्रंक एकदा उघडाच. मुंजीची, वाढदिवसाची व्हिडिओ कॅसेट असेल तर तीसुद्धा.

आई-बाबा बोलायला तयार असतील तर 'मी विचित्र होते का' असं विचारू नका, त्याला कुठलीही आई नाहीच म्हणणार. साधं विचारा: मला कुठले कपडे टोचायचे, काय खायचे नाही, पाहुणे आले की कुठे जायचे, खेळ कसला खेळायचे. त्यातून सगळं आपोआप येतं.

८. मी डोळ्यांत बघून बोलते, हसते, नोकरी करते, म्हणून डॉक्टरांनी दोन मिनिटांत 'तुम्हाला नाही' सांगितलं. आता?

यावर मला राग येतो आणि तो लपवणार नाही. नजर मिळवणं शिकता येतं. आपल्याकडे मुलींना तर ते छडीने नाही पण शब्दाने शिकवलं जातं: हस जरा, समोरच्याकडे बघून बोल, पाहुण्यांसमोर तोंड पाडू नकोस. आपण शिकतो, नाकाच्या शेंड्याकडे किंवा भुवयांच्या मध्ये बघायला, मालिकांतली वाक्यं मनात साठवून योग्य जागी वापरायला, घरी येऊन प्रत्येक संवाद पुन्हा तपासायला. याला मास्किंग म्हणतात आणि ते मोजायची सीएटी-क्यू नावाची २५ वाक्यांची प्रश्नावलीसुद्धा आहे. म्हणून नजर मिळते का हे विचारून उपयोग नाही, नजर मिळवताना आत काय चाललेलं असतं हे विचारायला हवं.

बायकांचं निदान याच कारणाने जास्त सुटतं आणि त्याआधी चिंता, डिप्रेशन, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी अशी नावं मिळून गेलेली असतात. वर्षानुवर्षं मास्किंग केलं की एक दिवस बर्नआउट येतो, जमणाऱ्या गोष्टीसुद्धा जमेनाशा होतात, आंघोळ, स्वयंपाक, बोलणं. हे झालेलं असेल तर ते आवर्जून सांगा आणि बोलण्याच्या ऐवजी लिहून न्या, कारण डॉक्टरांसमोर बसलं की मास्क आपोआप चढतो. पुढच्या डॉक्टरांकडे जाताना ५ वाचा.

९. मला आधीच एडीएचडी आणि अँग्झायटी सांगितलंय. तिन्ही एकत्र असू शकतं?

हो. २०१३ च्या आधी अमेरिकन मॅन्युअलनुसार ऑटिझम असताना एडीएचडीचं निदान द्यायचंच नाही असा नियम होता, तो गेला. आता दोन्ही एकत्र असणं नेहमीचं आहे. औषधाचं म्हणाल तर ऑटिझमसाठी गोळी नाही, पण चिंता, डिप्रेशन, एडीएचडी, झोप यांच्यासाठी आहेत आणि त्या ऑटिस्टिक माणसालाही लागू पडतात, तेव्हा नवं निदान आलं म्हणून चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. 'बरं करतो' म्हणणाऱ्या स्टेम सेलवाल्यांपासून आणि महागड्या डिटॉक्सवाल्यांपासून लांब राहा.

१०. निदान मिळालं, वाटलं होतं हलकं वाटेल, पण नुसतं रडू येतंय आणि राग येतोय. हे नॉर्मल आहे का?

आहे. आधी सुटका वाटते, मग जुने प्रसंग एकेक करून वर येतात आणि प्रत्येक ठिकाणी वाटतं की तेव्हा कुणाला माहीत असतं तर. तुटलेली मैत्री, सोडलेली नोकरी, खाल्लेला मार. हे दुःख खरं आहे, घाईने आवरू नका. बऱ्याच जणांना या काळात मास्किंग जमेनासंच होतं आणि घरचे म्हणतात निदान झाल्यापासून जास्तच ऑटिस्टिक झालीस. झालेलं असतं इतकंच की झाकायची ताकद संपलेली असते, आणि आता झाकायचं कारणही उरलेलं नसतं.

पण जगणं नको वाटत असेल तर एकटं राहू नका. उशिरा निदान झालेल्यांमध्ये हा धोका जास्त असतो म्हणून स्पष्ट लिहितेय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

११. आई म्हणते 'आपल्या घरात असलं काही नाही' आणि मग स्वतःलाच दोष देते. कसं सांगू?

आईला निदान ऐकू येत नाही, 'तू मला नीट वाढवलं नाहीस' असं ऐकू येतं. म्हणून सुरुवात तिथून करा: आई, यात तुझं काही चुकलेलं नाही. संगोपनामुळे ऑटिझम होत नाही, आईच्या थंडपणामुळे होतो हे जुनं मत केव्हाच खोटं ठरलंय. लसीचाही संबंध नाही, तो दावा करणारा १९९८ चा पेपर लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला. मग मोठं नाव न घेता एक ओळखीची गोष्ट जोडा, 'मला लोकरीचा स्वेटर सहन व्हायचा नाही आठवतं का, ते यामुळे'. शब्द स्वीकारायला वेळ लागतो, स्वेटर पटकन पटतो. आत्या-काकूंपर्यंत कधी आणि किती जाऊ द्यायचं ते मात्र आईशी आधीच ठरवून घ्या.

१२. नवऱ्याचं निदान झालं. आता प्रत्येक गोष्टीला तो तेच कारण देतो. मी किती समजून घ्यायचं?

हा प्रश्न विचारताना बायका ओशाळतात, ओशाळू नका. निदानाने एखादी गोष्ट का अवघड आहे ते कळतं, ती तुमच्यावर ढकलायची सोय मिळत नाही. तुम्ही न सांगता त्याने ओळखावं ही अपेक्षा कदाचित सोडावी लागेल, पण स्पष्ट सांगितल्यावर त्याने करावं ही अपेक्षा अगदी रास्त आहे. 'घरात लक्ष दे' याच्याऐवजी 'मंगळवारी आणि शुक्रवारी मुलांची शाळेची बॅग तू भरायची', हे चालतं. आणि भांडण चालू असताना तो गप्प होऊन खोलीत गेला तर ती दरवेळी शिक्षा नसते, डोकं बंद पडलेलं असतं, पण परत येऊन बोलायची वेळ ठरलेली हवी, नाहीतर तुम्ही कायमच्या बाहेर ताटकळणार. ओरडणं, वस्तू फेकणं, पैसे लपवणं याला ऑटिझम हे कारण चालत नाही.

१३. हिंजवडीत आयटीत आहे. ऑफिसात सांगू का?

आधी हे ठरवा की सांगून काय हवंय. हवं असेल ते (कोपऱ्यातली जागा, हेडफोन, मीटिंगचे मुद्दे आधी मेलवर, तोंडी कामाऐवजी लेखी) निदान न सांगता मिळत असेल तर तसंच मागा, 'मला लेखी दिलं की काम चोख होतं' एवढं पुरतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण वाजवी सोयी देण्याचं नोकरीतलं थेट बंधन सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी कंपनीने समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं असतं, ते आधी एचआरच्या पानावर शोधून वाचा. धोरणच सापडत नसेल तर मॅनेजरला विश्वासाने सांगण्याआधी थांबा, मॅनेजर बदलतात आणि सांगितलेलं परत घेता येत नाही.

१४. सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मिळतं का? कशाला उपयोगी?

खासगी डॉक्टरांचा रिपोर्ट वेगळा आणि दिव्यांग प्रमाणपत्र वेगळं. प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयाच्या बोर्डासमोर जावं लागतं, पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय. बहुतेक लाभांना किमान ४०% दिव्यांगत्व लागतं. तिथे आयएसएए नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० च्या खाली आलं तर ऑटिझम नाही असं धरतात. आता ज्याने आयुष्यभर मास्किंग केलंय आणि जो सलग बोलतो त्याचे गुण दिसण्यावरून कमीच पडतात. म्हणजे निदान आहे पण प्रमाणपत्र नाही असं होऊ शकतं, त्यामुळे तुमचं निदान खोटं ठरत नाही.

मिळालं तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत दिव्यांगांसाठीची (८०यू) ७५,००० रुपयांची वजावट (८०% किंवा जास्त असेल तर १,२५,०००), सरकारी नोकरीतलं आरक्षण, आणि नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना, वर्षाला १ लाखापर्यंत. यातलं काहीच लागत नसेल तर बोर्डाची दगदग करू नका.

१५. लग्न ठरतंय. स्थळाला सांगायचं का?

सांगा, साखरपुड्याआधी, आणि मध्यस्थाकरवी नाही, तुम्ही स्वतः त्या व्यक्तीला. कांदेपोह्यांच्या पहिल्या भेटीत गरज नाही. नाव सांगून थांबू नका, घरात कसं दिसेल ते सांगा: मला रोज तासभर एकटीला लागतो, सणाला माणसं आली तर मी मध्येच उठून जाईन. हे ऐकून जो मागे फिरेल तो नंतरही फिरलाच असता.

१६. गणपतीत माझे हाल होतात, पण बाहेर पडलं नाही तर लोक नावं ठेवतात.

पेठांत राहणाऱ्यांचा हा प्रश्न जुलैपासूनच सुरू होतो, पथकांचा सराव नदीकाठी चालू झाला की. ढोल कानापेक्षा छातीत जास्त बसतो, म्हणून नुसते बोळे पुरत नाहीत, आत इअरप्लग आणि वरून इअरमफ असं दोन्ही घालून बघा. घरच्या आरतीला झांजेपासून लांब, दाराजवळ उभं राहा. मानाचे गणपती बघायचे असतील तर सकाळी लवकर, मांडवात गर्दी व्हायच्या आत. विसर्जनाला ज्यांना जमतं ते दोन दिवस सिंहगड रस्त्याच्या पलीकडे किंवा गावी जातात. भक्ती आवाजात मोजत नाहीत, घरात बसून अथर्वशीर्ष म्हटलं तरी बाप्पाला पोचतं, असं आमच्या गटातल्या एका आजी म्हणतात आणि मला ते पटतं.

१७. तपासणी झाली आणि 'ऑटिझम नाही' आलं. पण मला अजून वाटतं की आहे.

आधी रिपोर्टमध्ये 'नाही' कशाच्या आधारावर आहे ते बघा. लहानपणाची माहिती नव्हती म्हणून असेल तर ७, फक्त वरवरच्या वागण्यावरून असेल तर ८, आणि दुसरं मत नक्की घ्या. पण नीट तपासून, वेळ देऊन, दुसरं कारण समजावून सांगितलं असेल, समजा लहानपणीचा आघात किंवा सोशल अँग्झायटी, तर त्यालाही संधी द्या कारण त्यावर उपचार आहेत. आणि आवाज सहन होत नसेल तर इअरप्लग घालायला रिपोर्ट लागत नाही. आमच्या गटात निदान नसलेलेही येतात, कागद आम्ही मागत नाही.

१८. माझं निदान झाल्यावर बाबांकडे बघितलं तर डिट्टो मी. ते ७२ चे आहेत. त्यांची तपासणी करावी का?

त्यांना हवी असेल तर. काही ज्येष्ठांना खूप बरं वाटतं, आयुष्यभर 'तऱ्हेवाईक' ऐकलेलं असतं त्यांना. काहींना त्यात काडीचा रस नसतो, त्यांनी नको म्हटलं तर नको. पाहुणे येणार हे आदल्या दिवशी सांगणं, जेवणाची वेळ न हलवणं, टीव्हीचा आवाज कमी ठेवणं, हे निदानाशिवायही करता येतं.

एक मात्र नीट बघा. ही वागणूक तुमच्या लहानपणापासून तशीच आहे की गेल्या वर्ष-दोन वर्षांत आलीय? आधी माणसांत रमणारे बाबा आता गप्प झाले, शब्द सापडत नाहीत, त्याच गोष्टी पुन्हा विचारतात, ओळखीचा रस्ता चुकतात, एकदम हट्टी झाले, तर तो ऑटिझम समजून घरी बसू नका. फिजिशियन किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, ऐकू कमी येणं, थायरॉइड, बी१२, डिप्रेशन आणि डिमेन्शिया हे सगळं तपासून घ्या, आणि जाताना बदल कधीपासून दिसला त्याच्या तारखा लिहून न्या.